हापसा बंद पडल्यानंतरचे दिवस कोण मोजतं?



समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कादंबरी येते, नाटक येतं, फार तर सिनेमा. आज आम्ही समीक्षेला घेतलंय ते एक लोखंडी यंत्र आणि त्याच्यामागची कामाची एक पद्धत. यंत्र म्हणजे आपला हापसा. सरकारी कागदावर त्याला हातपंप म्हणतात आणि त्याचं पूर्ण नाव इंडिया मार्क टू. पद्धत म्हणजे रिलायबिलिटी इंजिनिअरिंग. वस्तू तयार करतानाच ती किती भरवशाची होईल याचा हिशेब मांडायचं शास्त्र.

हा विषय यावलमध्ये का घ्यायचा? कारण आपल्या तालुक्याला भरवशाचा प्रश्न दोन्ही टोकांनी भिडतो. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा. खालच्या पट्ट्यात केळी, आणि ती केळी मुख्यतः सबमर्सिबल मोटर आणि ठिबकवर उभी. वर डोंगराच्या पायथ्याला तडवी, पावरा लोकांचे पाडे, जिथे आजही पाणी म्हटलं की पुष्कळ घरांना हापसाच आठवतो. एका ठिकाणी मोटर बंद पडली तर बाग वाळते, दुसऱ्या ठिकाणी हापसा बंद पडला तर बाईची पायपीट वाढते. यंत्रं वेगळी आहेत, प्रश्न मात्र एकच आहे.

आपल्याकडे म्हण आहे, भरवशाच्या म्हशीला टोणगा. म्हणजे ज्याच्यावर विसंबलो त्यानंच ऐनवेळी दगा दिला. रिलायबिलिटीचं शास्त्र ह्या म्हणीला आकडा लावायचा प्रयत्न करतं. त्याची व्याख्या अशी: ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळापर्यंत, वस्तू आपलं काम न थांबता करील याची शक्यता. ह्या वाक्यात 'शक्यता' हा शब्द गणिताचा आहे, 'काळ' हा घड्याळाचा आहे. 'ठरलेली परिस्थिती' मात्र ना गणिताची, ना घड्याळाची. ती कुणीतरी ठरवतं. कोण ठरवतं आणि कुठे बसून ठरवतं, ह्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते आपण हापशावर तपासून पाहू.

१९६० च्या दशकाच्या शेवटी आणि ७० च्या दशकात देशात दुष्काळामागून दुष्काळ आले. महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ आजही घराघरात सांगितला जातो. कठीण खडकात भोक पाडणारी यंत्रं आली, बोअर झाले आणि त्यांच्यावर हातपंप बसले. हे पंप ओतीव लोखंडाचे होते, आणि त्यांचा नमुना होता युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांचा. तिथे एक कुटुंब दिवसातून चार वेळा दांडा हलवणार. आपल्याकडे त्याच पंपावर सगळा गाव. पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा थांबतच नाही. मग सांध्यातल्या पिना झिजायच्या, खिट्टी सैल व्हायची, ओतीव लोखंडाला तडा जायचा. १९७४ च्या सुमारास युनिसेफनं पाहणी केली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी साधारण चारातले तीन बंद होते.

हे नीट समजून घ्या. त्या पंपांमध्ये कारखान्याची चूक नव्हती. ते ज्या परिस्थितीसाठी बनवले होते त्या परिस्थितीत ते चांगले चालत होते. चूक होती ती परिस्थिती न बदलता वस्तू उचलून आणण्यात.

उत्तर मिळालं ते महाराष्ट्रातूनच. जालन्यात मिशनच्या विहीर-बोअरच्या कामातून एक पोलादी पंप तयार झाला, त्याला जालना पंप म्हणत. पुढे सोलापुरात त्याच विचाराचा आणखी पक्का पंप तयार झाला, तो सोलापूर पंप. जे लोक रोज बंद पंप उघडून बघत होते त्यांच्या हातून हे झालं. पंप कुठे मोडतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी तिथेच हात घातला. अनेक सांध्यांच्या जागी दांड्याला एकच सांधा ठेवला. दांड्याच्या पुढच्या टोकाला कमानदार तुकडा आणि त्याच्यावरून उतरणारी साखळी दिली, म्हणजे आतली सळई सरळ उभी वरखाली होते, आडवी ओढली जात नाही. आडवी ओढ नाही म्हणून झीज कमी. पंपाचा पाया बोअरच्या पाइपला न टांगता काँक्रीटमध्ये पक्का रोवला, म्हणजे गावाचा सगळा जोर पाइपवर येत नाही आणि वरचं घाण पाणीही बोअरमध्ये उतरत नाही.

युनिसेफ, भारत सरकार, चेन्नईची मेराडो ही संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी सोलापूर पंपावर पुढचं काम केलं. नमुने तमिळनाडूत कोइमतूर भागात, खऱ्या गावांत, खऱ्या गर्दीत चालवून पाहिले. त्यातून इंडिया मार्क टू आला. १९७९ मध्ये त्याचं भारतीय मानक निघालं, आयएस ९३०१. आराखडे सगळ्यांना खुले ठेवले, कुणाची मक्तेदारी नाही. पण माल तयार झाला की बाहेरचा तपासनीस येऊन मोजून, तपासून मगच शिक्का मारणार. लहानमोठ्या अनेक कारखान्यांनी तो बनवला, आणि एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसायचा.

आता समीक्षकाच्या नजरेनं पाहू. ह्या कामात उत्तम काय आहे? आम्ही तीन गोष्टी धरतो.

पहिली, सुरुवात बिघाडापासून झाली. नवीन वस्तू कशी दिसावी हा विचार नंतर. आधी विचारलं, जुनी कुठे मोडते? दुसरी, परीक्षा गावात झाली. प्रयोगशाळेतलं यंत्र एका लयीत दांडा हलवतं. गावात पोरं दांड्याला लोंबकळतात, कुणी अर्धाच दांडा मारतं, कुणी दांडा खाली आपटतं. ही 'ठरलेली परिस्थिती' गावानं ठरवली. तिसरी, भरवसा एका हुशार कारागिरापुरता राहिला नाही. मानक, मापाची साधनं आणि तपासणी यांच्यामुळे तो हजारो पंपांत उतरला. एक चांगला पंप बनवणं ही कारागिरी. दहा हजारावा पंप पहिल्यासारखाच निघणं हे रिलायबिलिटी इंजिनिअरिंग. आज ह्या शास्त्राची पुस्तकं बहुतेक विमानं आणि इलेक्ट्रॉनिक्सची उदाहरणं देतात. ह्या पंपाचा धडा त्यांच्यात असायला हवा होता.

पण कौतुकावर थांबलं तर ती समीक्षा होत नाही. मार्क टूमध्ये एक मोठी उणीव होती, आणि ती आजच्या विषयाच्या मुळाशी आहे.

पंपाच्या तळाशी, पाण्यात, सिलिंडर असतो. त्यात चामड्याचे वायसर असतात. ते झिजणारच, कारण त्यांचं कामच घासण्याचं. मार्क टूमध्ये तो वायसर बदलायचा तर वरून सगळा पाइप उपसून काढावा लागतो. एकेक नळ, पाण्यानं भरलेला, लोखंडी. त्यासाठी तिपाई, क्लॅम्प, चार-पाच माणसं आणि गाडी लागते. म्हणून दुरुस्तीची तीन स्तरांची व्यवस्था तमिळनाडूत बसवली गेली आणि पुढे इतरत्र गेली. गावात एक पंपाची काळजी घेणारा, तो साखळीला ग्रीस लावणार आणि बोल्ट आवळणार. त्याच्या वर तालुक्याचा मेकॅनिक. त्याच्या वर जिल्ह्याचं फिरतं पथक. गावातल्या माणसाला पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं दिलेली असत. पंप बंद पडला की त्यानं कार्ड टाकायचं.

विचार करा. वायसर काही रुपयांचा. बदलायचं काम काही तासांचं. पण कार्ड जाणार, पथकाची पाळी येणार, गाडीला डिझेल मिळणार, मग पंप चालू होणार. ते सगळे दिवस पंप बंद.

इथे थोडा हिशेब मांडू. समजा दोन पंप आहेत. पहिला वर्षातून एकदाच बंद पडतो, पण दुरुस्तीला ३० दिवस लागतात. दुसरा वर्षातून तीनदा बंद पडतो, पण गावातलाच पोरगा एका दिवसात सुरू करतो. पहिला वर्षात ३० दिवस बंद, दुसरा ३ दिवस. कारखान्याच्या वहीत पहिला पंप तिप्पट भरवशाचा, कारण बिघाड एक विरुद्ध तीन. हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचारा, ती दुसऱ्याचं नाव घेईल. आणि तिचंच बरोबर आहे.

शास्त्रात ह्याला शब्द आहेत. दोन बिघाडांमधला सरासरी काळ म्हणजे एमटीबीएफ. दुरुस्तीला लागणारा सरासरी काळ म्हणजे एमटीटीआर. दोन्ही मिळून ठरते उपलब्धता, म्हणजे शंभरातले किती दिवस यंत्र कामावर हजर. पुस्तकात हे सगळं आहे. तरी रोजच्या व्यवहारात पहिला आकडा जाहिरातीत छापला जातो आणि दुसरा कुणाच्या टेबलावरच नसतो. पहिला कंपनीचा, दुसरा गिऱ्हाइकाचा, असं जणू वाटून घेतलंय.

मार्क टूच्या कर्त्यांच्या बाजूनं हे सांगायलाच हवं की त्यांनी ही उणीव झाकली नाही. १९८३ ते ८८ ह्या काळात कोइमतूर भागातच पुन्हा मोठी क्षेत्रीय चाचणी झाली. पंप शेतात नेऊन, बिघाडाची नोंद ठेवून. त्यातून दोन बदल पुढे आले. एक, चामड्याच्या वायसरऐवजी नायट्राइल रबरचा वायसर, जो जास्त टिकतो. दोन, पाइपचा व्यास ३२ मिलिमीटरवरून ६५ पर्यंत वाढवला, म्हणजे पाइप न उपसता पिस्टन आणि खालची झडप त्याच्यातूनच वर ओढून काढता येतात. हा इंडिया मार्क थ्री. थोड्या हत्यारांत, थोड्या माणसांत दुरुस्ती. बिघाड टाळणं आणि बिघाड सोपा करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं कामही आराखड्यातच करायचं असतं, हे त्यातून मान्य झालं. आमच्या मते ह्या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

तरीही मार्क थ्रीनं सगळीकडे मार्क टूची जागा घेतली नाही. रुंद पाइप जड असतो आणि महाग असतो. पाणी जितकं खोल तितका हा भार वाढतो. म्हणजे दुरुस्ती सोपी केली तर खोली आणि किंमत आडवी येते. अभियांत्रिकीत फुकट काही मिळत नाही.

आणि परिस्थिती एकदा ठरवली म्हणजे कायमची ठरली, असंही नसतं. हाच पंप पुढे आफ्रिकेत गेला. तिथे पश्चिमेकडच्या काही देशांत जमिनीतलं पाणी आम्लधर्मी निघालं. जस्त चढवलेले नळ गंजले, पाणी लाल येऊ लागलं, लोकांनी पंप सोडून दिले. पंप तोच, मानक तेच, पाणी वेगळं. आपल्या घरी बघा. साधा मार्क टू साधारण ४५-५० मीटर खोलीपर्यंतचा पंप आहे. यावल आणि रावेर हे तालुके भूजलाचा अतिउपसा झालेल्यांमध्ये गणले जातात. पाणी त्या खोलीच्या खाली गेलं की पंपाचा एकही भाग न मोडता हापसा बंद. वहीत काय लिहायचं? बिघाड? पंपात तर बिघाड नाही. पण घरी पाणीही नाही. ज्या व्याख्येत हा दिवस बसत नाही ती व्याख्या अपुरी आहे.

आता हापशाकडून आजच्या कारखान्याकडे येऊ. आज उत्पादन विकासात रिलायबिलिटीचं काम रोज चालतं. त्याची साधनं चांगली आहेत. त्यांचा वापर कसा होतो ह्यावर आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप सरासरीच्या आकड्याबद्दल. एखाद्या वस्तूच्या कागदावर लिहिलेलं असतं, एमटीबीएफ १० लाख तास. भागाकार केला तर ११४ वर्षं. वस्तू ११४ वर्षं टिकेल असं कुणी समजू नये. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की तिच्या ऐन उमेदीच्या काळात, खूप वस्तू एकदम चालवल्या तर बिघाडाचा वेग इतका कमी आहे. शिवाय बिघाडाचा वेग कायम सारखा असतो असं धरलं, तर सरासरी काळ उलटेपर्यंत शंभरातल्या फक्त ३७ वस्तू चालू राहतात. सरासरी म्हणजे निम्म्या, असं आपण सहज धरतो. ते तसं नाही.

आणि सरासरी आणखी एक गोष्ट झाकते, ती म्हणजे बिघाड कधी झाला. ९९ टक्के उपलब्धता ऐकायला झकास. एक टक्का म्हणजे वर्षातले साडेतीन-पावणेचार दिवस. तेवढे दिवस मोटर जुलैत बंद राहिली तर कुणाला कळणारही नाही. तेच दिवस मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला, गरम वारा सुटलेला आणि केळी निसवलेली असेल तर? एकरी साधारण अठराशे झाडं. घड लटकलेले, पानं करपायला लागलेली. शेतकऱ्याचा तोटा एक टक्का होत नाही, वर्षाचा होतो. यंत्राच्या दृष्टीनं सगळे तास सारखे, पिकाच्या दृष्टीनं नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो, वर्षाची सरासरी सांगू नका. ह्या वस्तूचा वाईटातला वाईट आठवडा कोणता आणि त्या आठवड्यात ती चालते का, ते सांगा.

दुसरा आक्षेप कागदपत्राबद्दल. एफएमईए नावाचा तक्ता असतो. वस्तू कशी कशी बिघडू शकते, परिणाम काय, कारण काय, हे सगळ्यांनी बसून लिहायचं. कल्पना फार चांगली, १९४९ पासून अमेरिकी लष्कराच्या कामातून आलेली. पण पुष्कळ ठिकाणी हा तक्ता ऑडिटच्या आदल्या रात्री भरला जातो, मागच्या मॉडेलच्या तक्त्यावरून उतरवून. वर्षानुवर्षं त्यात एक गुणाकार चालत आला. गंभीरपणाला १ ते १०, वारंवारतेला १ ते १०, आणि बिघाड आधी सापडणं किती अवघड त्याला १ ते १०. तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे आधी बघायचं. आता जिवावर बेतणारा बिघाड घ्या: १० गुणिले २ गुणिले २, झाले ४०. मामुली त्रासाचा घ्या: ४ गुणिले ४ गुणिले ४, झाले ६४. तक्ता म्हणतो आधी मामुली त्रास बघा. वाहन उद्योगाच्या २०१९ च्या एफएमईए पुस्तिकेनं हा गुणाकार काढून टाकला आणि गंभीरपणाला पहिला मान दिला. चांगलं झालं. तरी कुठलीही पुस्तिका तक्ता भरणाऱ्याला शेतावर नेत नाही. त्याला स्वतः जावं लागतं.

तो गेला नाही तर काय सुटतं, ते बघा. तीन फेजची मोटर ४१५ व्होल्टला धरून बनवलेली असते. शेताच्या टोकाला व्होल्टेज पडतं. तोच भार ओढायला मोटर जास्त करंट घेते, वाइंडिंग तापतं. त्यासाठी स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले दिलेला असतो, तो मोटर बंद करतो. पण वीज ठरावीक तासच असते, कधी दिवसा, कधी रात्री. त्या तासांत रिले सारखा तोडत राहिला तर भरणं होत नाही. मग शेतकरी रिलेचा काटा वर सरकवतो, नाहीतर तो बायपासच करतो. मोटर जळते. कंपनी म्हणते, चुकीचा वापर, हमी लागू नाही. कागदावर बिघाड शून्य. अहो, पण गावातले शंभरातले पुष्कळ लोक जे करतात त्याला चुकीचा वापर कसं म्हणायचं? ती तर तिथली परिस्थिती झाली.

ह्याच गोष्टीत आणखी एक पेच आहे. रात्री वीज केव्हा येईल सांगता येत नाही, म्हणून लोकांनी ऑटो स्टार्टर लावले. प्रत्येकापुरतं पाहिलं तर भरवसा वाढला. पण वीज आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू व्हायला बघतात. सुरू होताना मोटर कित्येक पट करंट घेते. व्होल्टेज कोसळतं, फ्यूज उडतो, कधी रोहित्रच जातं. सुटी सुटी वस्तू भरवशाची आणि सगळी मिळून बेभरवशाची. कुठल्याही एका कंपनीच्या एफएमईएमध्ये ही ओळ नसते, कारण ती कुणा एकाच्या वस्तूतली नाहीच.

तिसरा आक्षेप आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो आहे बिघाडाच्या माहितीबद्दल. कंपनीला बिघाड कळतो तो हमीच्या दाव्यातून. हमी संपल्यावर तेराव्या महिन्यात मोटर जळली तर ती कंपनीच्या आकड्यात येत नाही. हमीत असली तरी मे महिन्यात कुणी कंपनीची वाट बघत बसत नाही. मोटर वर काढायची, गाडीत टाकायची आणि गावातल्या नाहीतर तालुक्याच्या रिवाइंडिंगवाल्याकडे न्यायची. तो दोन दिवसांत भरून देतो. कंपनीच्या संगणकावर ती मोटर अजून सुखानं चालू आहे.

ठिबकचंही तसंच. ड्रीपरची मानकं आहेत, चाचण्या आहेत. एका ड्रीपरमधून आणि दुसऱ्यातून किती फरकानं पाणी येतं हे नीट मोजलं जातं, पण ते गाळलेल्या स्वच्छ पाण्यावर. आपल्या बोअरचं पाणी जड असेल तर क्षार बसून तोंडं बुजतात. शेतकरी ॲसिड सोडतो, नळ्या धुतो, काहीच नाही जमलं तर टाचणी घेऊन फिरतो. त्या टाचणीची नोंद कुठेच नाही.

म्हणजे बघा, बिघाडाची सगळ्यात चांगली माहिती ज्याच्याकडे आहे तो ह्या शास्त्राच्या यादीतच नाही. रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानाबाहेर जळक्या तांब्याच्या तारेचा ढीग असतो. जळलेलं वाइंडिंग उघडलं की तो सांगतो, एक फेज गेलेली होती, की व्होल्टेज कमी होतं, की पाणी संपून मोटर कोरडी चालली. हे निदान आहे. १९७० च्या दशकात जालना-सोलापूरच्या पंपवाल्यांकडे हेच ज्ञान होतं आणि त्याच्यातूनच देशाचा पंप घडला. आज संगणक आहेत, सेन्सर आहेत, आणि त्या माणसाला विचारणं मात्र आपण बंद केलंय. ह्या बाबतीत आपण मागे गेलो आहोत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारखान्यातल्या अभियंत्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणेल, देशात लाखो शेतं, प्रत्येकाचं पाणी वेगळं, वीज वेगळी. सगळीकडे चाचणी कशी करणार? पैसे कोण देणार? खरं आहे. साधा हिशेब सांगतो: ९० टक्के भरवसा ९० टक्के खात्रीनं दाखवायचा असेल, तर २२ नमुने चाचणीचा पूर्ण काळ चालवावे लागतात आणि एकही बंद पडता कामा नये. २२ मोटरी, एक-दोन वर्षं. तोवर बाजारात दुसऱ्या कंपनीचं मॉडेल येतं. म्हणून प्रयोगशाळेत जास्त ताण देऊन चाचणी लवकर उरकतात. त्यात गैर काही नाही. पण कोणता ताण द्यायचा हे गावात बघूनच कळतं. कमी व्होल्टेजवर, गढूळ पाण्यावर, कोरडं चालवून चाचणी घेतली तर तिचा गावाशी संबंध राहील. नुसतं तापमान वाढवून घेतली तर मोटर वेगळ्याच कारणानं मरेल आणि आपण भलताच भाग सुधारत बसू.

मग आपण काय करू शकतो? इथे बसलेले आणि हे ऑनलाइन ऐकणारे, वाचणारे बरेच जण शेतकरी आहेत, काही दुरुस्तीवाले, काही इंजिनिअरिंगची मुलं. आमची सूचना एका वहीची आहे. चार रकाने पाडा. यंत्र कोणत्या तारखेला बंद पडलं. काय गेलं. कोणत्या तारखेला पुन्हा चालू झालं. आणि त्या वेळी व्होल्टेज, पाणी, हवामान कसं होतं. बस.

एका रिवाइंडिंगच्या दुकानात अशी वही दोन वर्षं ठेवली तर तिच्यातून पुष्कळ निघेल. स्वीडनच्या वाइबुल नावाच्या अभियंत्यानं १९५१ मध्ये एक सूत्र मांडलं, ते आजही ह्या शास्त्राचा कणा आहे. बिघाड बसवल्यापासून लगेच, पहिल्या काही आठवड्यांत होत असतील तर दोष मालात किंवा बसवण्यात. कधीही, कसेही होत असतील तर कारण बाहेरचं: वीज, विजेचा झटका, पाणी संपणं. वय वाढेल तसे वाढत असतील तर झीज. तिन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात फिटरला शिकवायचं, दुसऱ्यात संरक्षण द्यायचं, तिसऱ्यात भाग वेळेआधी बदलायचा. एक लक्षात ठेवा, ज्या मोटरी जळल्या नाहीत त्यांचीही नोंद हवी. गावात बसवलेल्या किती, हे माहीत नसेल तर जळलेल्या दहांचा अर्थ लागत नाही. पन्नासातल्या दहा की पाचशेतल्या दहा?

हापशाच्या वहीत तर दोनच तारखा पुरेत. बंद पडला ती आणि सुरू झाला ती. दोन्हींमधलं अंतर म्हणजे त्या पाड्यावरच्या बायकांनी डोक्यावरून वाहिलेलं पाणी. ग्रामसभेत हे अंतर वाचून दाखवलं तर 'हापसा सारखा बिघडतो' ह्या तक्रारीपेक्षा ते जास्त काम करील, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं.

इंजिनिअरिंगच्या मुलांना आमचं एक सांगणं आहे. प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरता, तर तालुक्याच्या एका दुरुस्तीच्या दुकानात महिनाभर बसा. जळलेल्या मोटरींच्या नोंदी घ्या, त्यांचा आलेख काढा आणि तो मोटर बनवणाऱ्याकडे पाठवा. उत्तर येईलच असं नाही. पण तुम्ही पुढे कारखान्यात बसाल, तेव्हा 'ठरलेली परिस्थिती' हे शब्द वाचताना तुम्हाला ते दुकान आठवेल.

थोडक्यात आमचा निकाल. इंडिया मार्क टू हे भारतीय रिलायबिलिटी इंजिनिअरिंगचं अव्वल काम आहे, कारण त्याची परिस्थिती गावात ठरली. बिघाड दुर्मिळ करण्यात ते यशस्वी झालं, बिघाड छोटा करण्यात अपुरं पडलं, आणि ते अपुरेपण त्याच लोकांनी मोजून सुधारायचा प्रयत्न केला. आजच्या पद्धतीकडे गणित जास्त आहे, नोंदी जास्त आहेत, पण तिचं मोजमाप वस्तू बंद पडली की थांबतं. गिऱ्हाइकाचं मोजमाप नेमकं तिथून सुरू होतं.

आता प्रश्न घेऊ. दुरुस्तीचं काम करणारे कुणी असतील तर त्यांनी आधी बोलावं, आम्हाला त्यांच्याकडून ऐकायचंय.